पाणी लागतं म्हणजे काय

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब गुप्ते, व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे स्नेही श्रीपादराव खांबेटे, सौभाग्यवती कुंदावहिनी, वाचनालयाचे चिटणीस व सभासद, भोर शहरातले नागरिक बंधू-भगिनी, आणि लढाईपायी मोटारी बंद असताना वेल्ह्याकडून पायी चालत आलेली मंडळी,

चिटणिसांनी मला बजावलं आहे की डॉक्टर, थोडक्यात बोला आणि गौरवपर बोला. दोन्ही गोष्टी मला जमतील असं त्यांना का वाटलं, कोण जाणे. लोकांना ‘जीभ दाखवा’ असं सांगण्यात माझी हयात गेली, आज मलाच जीभ चालवायला सांगितली आहे. तेव्हा कुठे घसरली तर सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी श्रीपादरावांना भगीरथ म्हटलं. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पण मला विचाराल तर भगीरथाचं काम सोपं होतं. त्याला गंगा वरून खाली आणायची होती, आणि पाणी खाली यायला एका पायावर तयार असतं. श्रीपादरावांना खालचं पाणी वर आणायचं होतं. शिवाय ते खाली कुठे आहे, हे आधी शोधायचं होतं, आणि शोधायचं कसं, तर वरून, दगडाला ठोकून. शंकर जटा सोडून उभा आहे, अशी काही सोय इथे नव्हती. इथे रावसाहेब होते.

रावसाहेब हसताहेत, म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. श्रीपादराव पुण्याला भूगर्भशास्त्र शिकले आणि संस्थानात आले ते ‘विहिरी व पाणीपाहणी’ या कामावर, हंगामी. कामाचं स्वरूप काय? तर संस्थानातल्या जमिनीखाली कोणता खडक आहे आणि कोणत्या खडकात पाणी आहे याचा नकाशा करायचा. बगलेत पिशवी, हातात हातोडी, डोक्यावर ती सुप्रसिद्ध टोपी, आणि दिसेल त्या दगडाला टोला. उत्रोलीच्या बायांनी त्यांचं नाव ठोकेसाहेब ठेवलं. आणि तोरण्याच्या पायथ्याशी कोणी हातोडी घेऊन फिरू लागला, तर लोकांच्या मनात दुसरं काय येणार? साहेब पुरलेलं धन शोधतोय. दोन माणसं कित्येक दिवस लपतछपत त्यांच्या मागून हिंडत होती म्हणे. शेवटी श्रीपादरावांनीच त्यांना हाक मारून पिशवी धरायला दिली.

आपल्या मुलखाची गंमत अशी, की इथे पाऊस थोडा पडतो असं कोणी म्हणणार नाही. आषाढात वेल्ह्याला गेलात तर छत्री उलटी होऊन परत येते. भाटघरला धरण झालं, येळवंडी नदीचं पाणी अडलं आणि कालव्याने दूर देशावर गेलं. आणि ज्या डोंगरावर ते पडलं, त्या डोंगरातल्या बाया चैत्रात घागरी घेऊन दरीत उतरतात. असं का? श्रीपादरावांनी मला हे एकदा जेवता जेवता समजावून दिलं. भाकऱ्यांची चवड असते, तसा आपला डोंगर. एका भाकरीवर एक, काळ्या पाषाणाचे थर. पाषाणात पाणी शिरत नाही, वरून वाहून जातं. पण दोन भाकऱ्यांच्या मधे कुठे कुठे मऊ, भोकाभोकांचा मांजऱ्या दगड असतो, आणि त्याच्याखाली लाल गेरूचा थर. भेगांतून उतरलेलं पाणी मांजऱ्यात साठतं, गेरूवर अडतं आणि तिथेच बसून राहतं. त्या थरापर्यंत गेलात तर पाणी, नाही तर नुसतीच खणाखणी. एवढं सांगेपर्यंत त्यांनी माझ्या पानातल्या तीन भाकऱ्या उलगडून ठेवल्या होत्या, आणि मग त्याच मला खाव्या लागल्या.

तर नकाशा. नीरेच्या काठचा, सारोळ्यापासून भोरपर्यंतचा भाग त्यांनी पहिल्या दोन उन्हाळ्यांत केला. प्रत्येक विहिरीत स्वतः दोर सोडून पाणी मोजलं. त्यात आजवर कोणी चूक काढलेली नाही. राहिला वेल्ह्याकडचा डोंगर. तिथे वाड्या विखुरलेल्या, एकीकडून दुसरीकडे जायचं तर एक धार चढून उतरायची. पावसाळा तोंडावर आला. सगळीकडे दोर सोडणं शक्य नव्हतं, म्हणून ते खडक पाहत पुढे जायचे आणि पाण्याचं तेवढं लोकांना विचारायचे. प्रश्न एकच: ‘तुमच्याकडे पाणी लागतं का?’ लोक ‘व्हय’ म्हणाले की निळा रंग, ‘न्हाई’ म्हणाले की तांबडा.

काही ठिकाणी दगड एक सांगत होता आणि माणसं दुसरं. मांजऱ्या उघडा दिसतोय, झरा असायलाच हवा, आणि लोक म्हणताहेत, ‘न्हाई, आमच्याकडं पानी लागत न्हाई.’ श्रीपादरावांनी माणसांचं ऐकलं. शिकलेल्या माणसाने आपलं पुस्तक बाजूला ठेवून खेड्यातल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे चांगलं की वाईट? मी तर म्हणेन, चांगलंच. आणि त्या चांगुलपणानेच घोटाळा केला.

नकाशा तयार झाला. देखणा झाला होता, यात वाद नाही. कचेरीत टांगला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. रामनवमीच्या उत्सवात तो श्रीमंतांपुढे ठेवायचा, श्रीपादरावांना शाल द्यायची आणि त्याच दिवशी नोकरीत कायम करायचं, असं सगळं ठरलं. डोंगराच्या भागासाठी त्या वर्षी एकच आड मंजूर झाला होता. नकाशात तांबडं ठळक दिसणारं ठिकाण म्हणून तो पिंपळदऱ्याला द्यायचं ठरलं. पिंपळदऱ्याच्या लोकांना आश्चर्य वाटलं असावं. पण संस्थान काही देतंय, तर ‘नको’ म्हणायला ते काही वेडे नव्हते.

रामनवमीला थोडे दिवस उरले असताना श्रीपादराव माझ्या दवाखान्यात आले. दगडाऐवजी अंगठ्यावर हातोडी बसली होती. मी पट्टी बांधत होतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई आपल्या सुनेला घेऊन आत आल्या. सासूचं नाव साळूबाई, सुनेचं रतनबाई. रतनबाईंच्या घोट्यातून नारू डोकावत होता. शहरातल्या नव्या मुलांनी नारू पाहिला नसेल. दोऱ्यासारखा जंत, माणसाच्या पायातून बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. तुटला तर पाय सुजतो आणि माणूस महिना-महिना जमिनीला खिळतो. साळूबाईंची चिंता वेगळीच होती. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, पुढे पेरा, पुढे रोपांची आवणी, आणि घरात कामाचे हात एवढेच. त्या मला विचारत होत्या, पावसाच्या आत ही उभी राहील का?

श्रीपादरावांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कोणी दिसलं की गाव विचारायचं. त्यांनी विचारलं, “कुठल्या हो तुम्ही, आजी?”

“जांभळमाळची. तोरण्याच्या अंगाला.”

त्यांचा चेहरा खुलला. जांभळमाळ म्हणजे नकाशातला सुरेख निळा ठिपका. ते म्हणाले, “हां हां. तुमच्या वाडीला पाणी लागतं, नाही का?”

“लागतंय तर. लई लागतंय,” साळूबाई म्हणाल्या. “म्हनून तर सुनंला घिऊन आले.”

“पाणी लागतं म्हणून?”

“मंग? पानी लागल्याबिगर नारू व्हतोय व्हय? थोरला नातू माजा ह्या पान्यानंच गेला. हगवन लागली, दोन दिसांत आटापलं. कुंडात उतरून पानी भरायचं, त्यातच पाय, त्यातच घागर. त्या पल्याडच्या पिंपळदऱ्याचं बरं हाय. कातळातनं झरा येतोय, गोड पानी. तितं कुनालाच लागत न्हाई. लेकी द्याव्या तर पिंपळदऱ्याला.”

माझ्या हातातला तो अंगठा मी एकदम ताठ झालेला पाहिला. पट्टी अर्धी बांधून झाली होती.

आपण भोरकर मंडळीही दोन्ही बोलतो, नाही का? विहीर खणली आणि ‘पाणी लागलं’. कोकणात पाहुणे म्हणून गेलो, पोट बिघडलं आणि ‘पाणी लागलं’. तोच शब्द. पिणाऱ्याला पाणी लागतं ते एक, आणि खणणाऱ्याला लागतं ते दुसरं. श्रीपादराव खणणाऱ्याच्या भाषेत विचारत गेले आणि डोंगरातली माणसं पिणाऱ्याच्या भाषेत उत्तर देत राहिली. ज्या वाडीचं पाणी बाधतं ती झाली निळी. जिथे अमृतासारखा झरा, ती झाली तांबडी. आणि संस्थानचा एकुलता एक आड निघाला होता झऱ्याच्या उशाशी.

श्रीपादरावांनी साळूबाईंना पुन्हा विचारलं, मागे कोणी साहेब तुमच्या वाडीत येऊन पाणी लागतं का असं विचारून गेले होते का? त्या म्हणाल्या, “आलता की. आमी समद्यांनी सांगितलं, लई लागतं. म्हनलं, सरकारला दया आली.”

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. ज्याने विचारलं होतं तोच समोर बसला आहे, हे त्यांना ओळखू आलं नव्हतं. श्रीपादरावांनी अंगठा माझ्या हातातून सोडवून घेतला. अर्ध्या पट्टीनिशी उठले आणि निघून गेले. त्या माणसाला मी इतकं खचलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रावसाहेबांकडे गेलो. मी साक्षीदार म्हणून. आता अध्यक्षांच्या समोरच अध्यक्षांची गोष्ट सांगायची म्हणजे पंचाईत, पण ते मघाशी कानात म्हणाले, “सांग, बंडोपंत, सगळं सांग.” तेव्हा सांगतो. रावसाहेब त्या खात्याचे मुख्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खांबेटे, रामनवमी दाराशी आली. एक ठिपका चुकला असेल तर रंग बदला. कोणाला कळणार आहे?”

श्रीपादराव म्हणाले, “कोणालाच कळणार नाही, याचीच मला भीती आहे.” मग म्हणाले, “आणि कोणता रंग बदलू? निम्म्या लोकांना माझा प्रश्न माझ्या अर्थाने कळला असेल, निम्म्यांना त्यांच्या. कोणते निम्मे ते मला कळायला मार्ग नाही. डोंगराचा सगळा भाग पुसावा लागेल. मी पुन्हा जातो.”

“मग कायम होण्याचं विसरा,” रावसाहेब म्हणाले. अध्यक्षमहाराज, शब्द हेच होते ना? होय म्हणताहेत.

रावसाहेबांचीही बाजू होती. नकाशा तयार आहे असं वर कळवून बसलेल्या माणसाला, तो चुकला असं सांगायला जाणं काही सोपं नसतं. पण माझ्या मित्राला त्या एका वाक्याची किंमत किती पडली, तेही सांगितलं पाहिजे. घरात लहान मुलगी नलू, पुण्याला म्हातारे आईवडील, आणि नोकरी हंगामी. ती शेवटपर्यंत हंगामीच राहिली. कुंदावहिनींनी शालीसाठी रिकामी केलेली खुंटी परत छत्रीला दिली. मी त्यांना म्हटलं, “वहिनी, तुम्ही काही बोलला नाहीत?” त्या म्हणाल्या, “काय बोलायचं? मी त्यांना विचारलं, ज्या बाईचा नातू गेला तिच्या वाडीला निळा रंग ठेवून तुम्हाला झोप येईल का. तर म्हणाले, नाही. मग म्हटलं, चला, डबा भरते.” वहिनी, तुम्ही खाली बघू नका. हा सत्कार निम्मा तुमचा आहे.

दुसऱ्या खेपेला श्रीपादरावांनी तो शब्द तोंडातून कायमचा काढून टाकला. ‘पाणी लागतं का’ असं पुन्हा कोणाला विचारलं नाही. वाडीत जायचे, बायांना म्हणायचे, घागर घ्या, मी तुमच्याबरोबर येतो. त्या जिथे जातील तिथे जायचे, उतरतील तिथे उतरायचे. पाणी बघायचं, दोर सोडायचा, वर येऊन खडक बघायचा. पुरुषमाणूस पाणवठ्यावर आला म्हणून आधी बाया लाजल्या, मग चेष्टा करू लागल्या, मग म्हणू लागल्या, आलाच हाईसा तर एक घागर घ्या डोक्यावर. त्यांनी घेतली. मान अवघडली म्हणून माझ्याकडे आले, म्हणून मला ठाऊक.

रावसाहेबांनी एक मात्र केलं, ते न सांगणं अन्यायाचं होईल. पिंपळदऱ्याचा आड त्यांनी आपल्या अधिकारात जांभळमाळला हलवला. अट घातली, होळीपर्यंत पाणी आलं नाही तर काम बंद.

दिवाळीनंतर खणायला सुरुवात झाली. माती गेली, मुरूम गेला, आणि काळा पाषाण लागला. सुरुंग लावायचे, ढिगारा उपसायचा, पुन्हा सुरुंग. पौष गेला, माघ गेला, पाषाण काही सरेना. वाडीचे मानसिंग पाटील खणणाऱ्यांवर मुकादम होते. मी एकदा तिकडे गेलो असताना ते श्रीपादरावांना म्हणाले, “सायेब, रागावू नगा. लोकं म्हनत्यात, तुमी आदी बी चुकला व्हता.”

श्रीपादराव म्हणाले, “चुकलो होतो, पाटील. पण तेव्हा दगडाने मला खरं सांगितलं होतं, मीच त्याचं ऐकलं नाही. आता ऐकतोय. आणखी थोडं खाली जाऊ.”

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, खरोखर खात्री आहे का? ते म्हणाले, “बंडू, दरीच्या अंगाला हाच थर उघडा पडलाय, तिथे गेरू ओला आहे. इथे असायला हवा. पण डोंगराने मधेच थर संपवला असला, तर मी या लोकांना दुसऱ्यांदा तोंड कसं दाखवू?” त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

होळी जवळ आली तेव्हा पहारीचा आवाज बदलला. मांजऱ्या आला. वरचा भाग कोरडाच होता. आणखी खाली गेले, आणि एके दिवशी सकाळी उतरलेला गडी वर आला तो लाल चिखलाने भरलेले हात घेऊन. दुपारपर्यंत तळाला घोटाभर पाणी होतं. मानसिंग पाटलांनी पहिली घागर ओढली आणि साळूबाईंना दिली. त्यांनी ओंजळीने घेतलं, चूळ भरून टाकली, मग प्यायल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. श्रीपादरावांनी विचारलं, “काय आजी, लागलं ना पाणी?”

साळूबाई म्हणाल्या, “लागलं. आता लागतंय का न्हाई, त्ये फुडल्या सालच्या आवनीला सांगीन.”

नारू काही एका दिवसात होत नाही. आज प्यायलेलं पाणी वर्षाने पायातून बोलतं. म्हातारीला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण हिशेब पक्का होता. तेव्हा श्रीपादरावांचा निकाल पुढल्या आवणीपर्यंत राखून ठेवला गेला. आवणी आली, गेली. मी रोज दवाखान्याच्या दाराकडे बघायचो. साळूबाई काही आल्या नाहीत. त्याच्या पुढल्या वर्षीही आल्या नाहीत. मला म्हाताऱ्या बाईचा थोडा रागच आला होता. कबूल केलं होतं, निदान निरोप तरी पाठवायचा.

आज सभेला येताना दाराशी ही मागच्या बाकांवरची मंडळी भेटली. त्यांत रतनबाई होत्या, घोट्यावरच्या नारूच्या जुन्या वणावरून मला त्या ओळखू आल्या. त्यांच्याकडून कळलं की साळूबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. काही दुखणं नव्हतं, म्हातारपणाने गेल्या, डॉक्टरला न विचारता. मी रतनबाईंना म्हटलं, “तुमच्या सासूबाई मला सांगायला येणार होत्या. आल्याच नाहीत.”

रतनबाई म्हणाल्या, “कशाला येत्याल? दुखनं आसल्याबिगर दवाखान्यात कुनी येतंय व्हय, दागदर?”

श्रीपादराव, तुम्ही आता नलूकडे पुण्याला चाललात. कायम झाला नाहीत म्हणून भोर तुमचं नव्हतं असं समजू नका. निकाल लागलेला आहे, फक्त तो तुम्हाला कळवायचा राहिला होता. तो मी आज अध्यक्षांच्या साक्षीने कळवतो.

मंडळींनो, चिटणिसांनी दोनदा घड्याळ दाखवलं. अध्यक्षांनी आपल्याच डोळ्यांदेखत आपली गोष्ट सांगू दिली, त्यांच्या मोठ्या मनाबद्दल त्यांचे आभार. वाचनालयाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाला अधिकउणं लागलं असेल तर पोटात घाला.

एक माफी मात्र वेगळी मागायची आहे. डोंगरातली माणसं मला तोंडावरून कधीच ओळखता आली नाहीत. मी पायांवरून ओळखायचो. कोणाच्या घोट्यावर पट्टी, कोणाच्या पोटरीवर काडी, की मला नाव आठवायचं. आज रतनबाईंच्या मागे त्यांच्या वाडीतल्या मुली, सुना, पोरं उभी होती, मी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि धुळीखेरीज काही दिसलं नाही. एकाचंही नाव मला सांगता येईना. जांभळमाळच्या मंडळींनो, या म्हाताऱ्या डॉक्टरने तुम्हाला ओळखलं नाही, त्याबद्दल क्षमा करा, आणि यापुढेही ओळख होऊ देऊ नका.